काकू म्हणाल्या, ‘हात बसला’

फोन आला तेव्हा मी वाघोलीला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. लॅबमध्ये मोबाइल बंद ठेवायचा नियम आहे आणि मी नियम मोडणाऱ्यांतली नाही. पण त्या दिवशी तो बंद करायचा राहून गेला होता. व्हरांड्यात येऊन घेतला. पलीकडे नाना होते. “कांचन, तुझी काकू गेली,” ते म्हणाले. मग, “मिळेल त्या बसने ये. घाई करू नकोस. आता घाईचं काही राहिलेलं नाही.” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी लॅबमध्ये परत गेले, कॉम्प्युटर रीतसर बंद केला, खुर्ची आत सरकवली, सरांची परवानगी घेतली आणि निघाले. असं का वागले ते मला सांगता येत नाही. रडू आलं नव्हतं. बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर माझा उजवा अंगठा सवयीने डाव्या मनगटावर गेला, आणि मी तो चटका बसल्यासारखा उचलला… तेव्हा कुठे काय झालंय ते मला कळलं.

शैलाकाकू माझ्या नात्यातल्या कोणी नव्हत्या. कसबा पेठेतल्या ज्या घराच्या वरच्या खोलीत मी आणखी दोघी मुलींबरोबर राहते, त्याच घराच्या तळमजल्यावर काकू आणि त्यांचे यजमान नाना राहत. गल्लीकडच्या खोलीत काकू रोज संध्याकाळी अॅक्युप्रेशर करायच्या. म्हणजे हातापायांवरचे, मानेवरचे, पाठीवरचे ठरावीक बिंदू अंगठ्याने दाबून दुखणं हलकं करण्याची ती चिनी पद्धत. आळीतली मुलं त्यांना चिनी काकू म्हणत. खोलीच्या दारावर नानांच्या अक्षरातली पाटी होती, अजून आहे: ‘दाबण्याची वेळ ५ ते ८. इतर वेळी बेलसुद्धा दाबू नये.’ काकूंना जाऊन महिना होऊन गेला. त्यांच्याकडे येणाऱ्या एका बाईंनी मला सुचवलं, तू शिकलेली आहेस, तू त्यांच्यावर काहीतरी लिही. कौतुकाच्या चार ओळी लिहायला मी बसले, पण दरवेळी एका रविवारच्या संध्याकाळपाशी येऊन अडले. ती संध्याकाळ गाळून काकूंविषयी लिहिणं मला खोटं वाटतं. म्हणून सगळंच लिहिते आहे.

मी वाशीमकडच्या एका लहान गावातली. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे पुण्यात आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. वर्गात प्रश्न विचारायची, कँटीनमध्ये चहा मागायची, बसमध्ये कंडक्टरला थांबा विचारायची. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून कसब्यात खोली मिळाली, आणि रोज नगर रस्त्याने वाघोलीपर्यंत जाणं-येणं नशिबी आलं. त्या बसमध्ये मला मळमळायचं. रस्त्याचं काम चालू, धूळ, डिझेलचा वास. येरवडा मागे पडला की मी रुमाल तोंडाला लावून बसायचे, आणि कधी कधी उतरून रस्त्याच्या कडेला ओकायचे. एकदा संध्याकाळी मी जिन्याचा कठडा धरून उभी असताना काकूंनी मला पाहिलं.

“काय गं, रोज अशी पांढरी पडून येतेस ती? पोटात काही आहे का, की नुसती बस?”

“बस,” मी म्हणाले.

“इकडे ये. अगं, घाबरतेस काय? शॉक नाही बसत.”

त्यांनी माझा हात उताणा धरला, मनगटाच्या सुरकुतीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध अंगठा टेकवला आणि हळूहळू दाबला. आधी दुखलं, मग हातभर एक मुंगी चालत गेल्यासारखं वाटलं आणि पोटातली ढवळाढवळ बसली. “चिनी लोक याला आतला नाका म्हणतात,” काकू म्हणाल्या. “जकात नाका असतो ना, तसा. वर येणाऱ्याला इथे थांबवायचं. उद्या बसमध्ये बसलीस की स्वतःच दाब.” मी दाबला. त्या दिवशी वाघोलीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत गेले. रस्त्यात काय काय आहे ते मला पहिल्यांदाच दिसलं.

मायला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “काय व कांचन, डाक्टर हाय का ते बाई?” मी म्हटलं, नाही. “मंग? बरं वाटते का तुले?” वाटतं, म्हटलं. “मंग झालं.”

काकू पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात एक पिन काढायची न् दुसरी घालायची, असं त्यांनी सारं तरुणपण काढलं. त्यातच त्यांचा खांदा गेला. औषधांनी गुण येईना तेव्हा कुणीतरी अॅक्युप्रेशरच्या संध्याकाळच्या वर्गाचं नाव सांगितलं. शिकवणारे एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांनी ही विद्या कलकत्त्याच्या एका चिनी माणसाकडून घेतली होती. काकूंचा खांदा सुटला आणि त्या वर्गातून उठल्याच नाहीत. पुढे एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झालं, माणसांची गरज उरली नाही, काकूंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गल्लीकडच्या खोलीत एक लाकडी बाक, दोन स्टुलं मांडली. भिंतीवर माणसाच्या शरीराचा एक मोठा तक्ता होता. त्यावरच्या चिनी अक्षरांवर काकूंनी मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. “आमचंच एक्स्चेंज आहे हे,” त्या तक्त्याकडे बोट दाखवून सांगत. “पिन इथे घातली की घंटी तिथे वाजते. मधली वायर कुणी पाहिलीय? मीही नाही पाहिली.”

नानांना या सगळ्याचा मनस्वी कंटाळा होता, निदान तसं ते दाखवत. ते महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आतल्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसायचे आणि तिथूनच शेरे मारायचे. “सीमेवर त्यांनी आपल्याला दाबलं ते कमी पडलं, म्हणून ही घरात दाबते.” काकू आतल्या दिशेला न बघताच म्हणायच्या, “तुमचं आडवं झालं असेल तर उभं सोडवा.” आयुष्यात नानांनी काकूंना स्वतःच्या अंगाला हात लावू दिला नाही. डोकं दुखलं की बामची बाटली काढत, ती सुद्धा काकूंना दिसेल अशी.

मी हळूहळू त्या खोलीत रुळले. कॉलेजातून आले की खाली बसायचे. काकूंनी मला बिंदू शिकवले, आणि त्याआधी प्रश्न शिकवले. येणाऱ्या प्रत्येकाला दाराशीच विचारायचं: कधीपासून दुखतंय, चढताना वाढतं का, दम लागतो का, घाम येतो का, साखर-रक्तदाब काही आहे का. मी गप्प राहणारी म्हणून त्यांनी ते काम मुद्दाम मलाच दिलं होतं. “वर्गात विचारत नाहीस ना? मग इथे विचार. इथे कुणी मार्क कापत नाही.” पहिल्या पहिल्यांदा माझा आवाज फुटायचा नाही. पण काकूंच्या हुकमाने विचारायचंय म्हटल्यावर जमायला लागलं. तांबट आळीतली माणसं यायची, हातोडी मारून मारून दंड भरलेली. आणि कंपनीच्या बसमधून उतरलेली, गळ्यात ओळखपत्र लटकवलेली माझ्याहून थोडीच मोठी मुलंमुली यायची, मानेला पट्टा लावलेली. दोघं एका बाकावर बसत. काकू म्हणत, “एका पिढीचे हात हातोडीने गेले, दुसरीचे कॉम्प्युटरच्या उंदराने.”

कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी हसायच्या. नुसतं मनाचं समाधान आहे म्हणायच्या. एकदा धीर करून काकूंनाच विचारलं, हे खरंच लागू पडतं का? त्या रागावल्या नाहीत. कुणाची तरी टाच दाबत होत्या, दाबता दाबता म्हणाल्या, “पुष्कळांना बरं वाटतं. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टी आहेत. आपल्याला पहिली येते. दुसरी येते असं ज्या दिवशी वाटायला लागेल, त्या दिवशी खोलीला कुलूप लावायचं.”

हे त्या नुसतं बोलत नव्हत्या. गेल्या दिवाळीच्या सुमारास बाबूराव तांबट आले. डावा खांदा धरलाय, जरा दोन बिंदू दाबा, म्हणाले. मी दाराशी प्रश्न विचारले. जिना चढताना वाढतं म्हणाले. घाम? “अहो, कामाचा माणूस, घाम येणारच की!” मी आत येऊन काकूंना सांगितलं. काकू बाहेर आल्या, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. “मी हात लावणार नाही. आधी डॉक्टर.” बाबूराव चिडले. इतक्या वर्षांची ओळख आणि आज दारातून परत पाठवता? काकूंनी नानांना हाक मारली, आणि नाना कोडं टाकून, एक अक्षर न बोलता रिक्षा घेऊन आले. बाबूरावांच्या हृदयाकडे जाणारी एक नळी जवळजवळ बंद होती. पुढे बरे होऊन ते पेढे घेऊन आले, तेव्हा नाना म्हणाले, “बघा, ही न दाबताच चांगलं काम करते. मी केव्हापासून सांगतोय.” काकू खूप हसल्या होत्या.

आता तो रविवार.

रविवारी खोली बंद असायची. संध्याकाळी काकूंनी मला वरून हाक मारली. खाली गेले तर त्या पेशंटच्या स्टुलावर बसल्या होत्या, आणि नाना दारात उभे होते. “पित्त खवळलंय,” काकू म्हणाल्या. “दुपारी भजी खाल्ली, ती नडली. मळमळतंय, जबड्यापाशी ओढल्यासारखं होतंय. तो आतला नाका धर जरा. माझा मला नीट सापडेना आज.”

“रिक्षा आणू का?” नानांनी विचारलं.

“भज्यांसाठी रिक्षा? लोक काय म्हणतील! घरात चीन आहे ना तुमच्या.”

मी त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता. वर पंखा चालू होता, तरी त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. ते मला दिसले. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते, ते मला दिसले. दुसरं कुणी असतं तर माझ्या तोंडून आपोआप प्रश्न निघाला असता. पण समोर काकू होत्या. ज्यांनी प्रश्न शिकवले त्यांनाच ते कसे विचारायचे? आमच्याकडे मोठ्या माणसाला असं विचारत नाहीत. मास्तर पाढा चुकले तरी मुलांनी मान खाली घालायची असते. त्यांना कळत नसेल ते मला कळणार, असं मला वाटलं तरी कसं असतं… आणि खरं सांगायचं तर, त्यांनी स्वतःचा हात माझ्या हातात दिला याचाच मला आनंद झाला होता. यापूर्वी त्यांनी तो कधी कुणाला दिला नव्हता.

मी दाबला. जसा शिकवला होता तसाच, श्वास सोडताना जोर, घेताना सैल. थोड्या वेळाने त्यांना ढेकर आली. चेहऱ्यावर रंग आला. “उतरलं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी लाजले. “हात बसला गं तुझा.” नाना म्हणाले, “झालं, आता दोन चिनी.” मग आम्ही तिघांनी गवती चहा घातलेला चहा घेतला. मी वर गेले आणि मैत्रिणींना सांगितलं, काकू म्हणाल्या माझा हात बसला. रात्री झोपताना मी ते शब्द मनात दोनतीनदा म्हणून पाहिले.

सोमवारी त्यांनी नेहमीसारखी खोली उघडली. जरा थकल्यासारख्या वाटल्या. मंगळवारी सकाळी, मी कॉलेजला गेल्यावर, पूजेची फुलं निवडता निवडता त्या बसल्या जागी कलंडल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. नानांनी रविवारचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बायकांना कधी कधी असंच होतं, छातीत न दुखता नुसतं मळमळतं, जबडा ओढतो, घाम येतो. तेव्हा दाखवलं असतं तर कदाचित… पण आता असं म्हणून काही उपयोग नाही. मी पोचले तेव्हा डॉक्टर तिथेच होते, हे सगळं ते माझ्यासमोरच बोलले.

कुणी मला बोल लावला नाही. उलट येणारी माणसं म्हणायची, शेवटी तुझ्याच हाताने त्यांना आराम पडला, पुण्यवान आहेस. ते ऐकताना मला जमीन दुभंगावी असं व्हायचं. कारण तोच तर माझा अपराध आहे. माझा हात बसला नसता, मी वेड्यावाकड्या जागी दाबलं असतं, तर त्यांचं दुखणं थांबलं नसतं आणि नानांनी रिक्षा आणली असती. काकूंनी ज्याला हात लावला नाही तो माणूस आज आळीत हिंडतोय. मी काकूंना बरं वाटायला लावलं.

त्यानंतर मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. स्वतःच्याही नाही. बसमध्ये पुन्हा मळमळायला लागलं, तरी मी मनगट दाबत नव्हते. रुमाल तोंडाला लावून बसायचे. पाच वाजता खालची बेल वाजायची, नानांचा आवाज यायचा, “ती नाही. हो, गेली… हो, अचानक.” मग जिन्याच्या तळातून हाक, “कांचन, तांबटांकडचे आलेत, दंड भरलाय म्हणतात.” मी वरूनच सांगायचे, नाना, अभ्यास आहे. एकदोनदा झाल्यावर त्यांनी हाक मारणं सोडलं, पण पाटी काढली नाही. त्या पाटीसमोरून जाताना मी मान वर करत नसे.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन खाली गेले, तेव्हा ते गल्लीकडच्या खोलीत एकटेच बसले होते. दिवा लावलेला नव्हता. मी ताट ठेवलं आणि एकदम बोलून गेले, “नाना, मला घाम दिसला होता. मी विचारलं नाही.”

ते म्हणाले, “मला काय, दिसला नव्हता? तू कोण कुठली, काल आलेली पोर. मी नवरा. रिक्षा आणू का म्हणून विचारलं. बाबूरावाच्या वेळी विचारलं होतं का कुणाला? सरळ आणली होती. हिने भज्यांवर ढकललं न् मला सोयीचं वाटलं. सामना लागला होता टीव्हीवर… आता तुझा वाटा केवढा न् माझा केवढा, ते मोजत बसायला आपण काही भाऊबंद नाही. ताटावर झाकण ठेव, माश्या बसतील.”

मी झाकण ठेवलं. जायला वळले तर ते म्हणाले, “चार दिवस मान धरलीय. डॉक्टरांकडे जाऊन आलो, सगळं बघितलं त्यांनी, काही नाही म्हणाले. तुझे ते प्रश्न विचारायचे असतील तर विचार, उत्तरं पाठ आहेत.” आणि नाना उठून पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसले. या घरात इतकी वर्षं काढून पहिल्यांदा.

मी सगळे प्रश्न विचारले. एकही गाळला नाही. त्यांनी प्रत्येकाचं उत्तर सरळ दिलं, एकदाही टोमणा मारला नाही. पण हात उचलवेना. माझे हात बर्फासारखे झाले होते.

तेव्हा नाना उठले, आत गेले, आणि स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घेऊन आले. पेला बाकाच्या कडेला, उजव्या बाजूला ठेवला आणि परत स्टुलावर बसले. काकूंची ती सवयच होती. कुणालाही हात लावण्याआधी त्या अशा पेल्याभोवती दोन्ही तळवे धरून उभ्या राहायच्या, गार हात दुखऱ्या अंगाला लावायचा नाही म्हणून. रोज पाचला तो पेला त्याच जागी वाफाळत असायचा. तो तिथे कोण आणून ठेवतं, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

मी पेला धरला. अपराध हलका झाला, असं मी लिहिणार नाही. तो होणार नाही, आणि व्हावा असंही मला वाटत नाही. फक्त धातूतून हळूहळू ऊब येत होती, आणि काकू इथे अशाच उभ्या असायच्या, आता समोर नाना पाठमोरे, कॉलरमधून दिसणारी त्यांची सुरकुतलेली मान… मी किती वेळ तशी उभी राहिले कोण जाणे. पाणी कोमट झालं तरी पेला सोडवत नव्हता.

“कांचन,” मागे न बघता नाना म्हणाले, “मान इकडे आहे.”